दोन फोन, एक वही: अँड्रॉइडची तुलना कशी करावी आणि मोबाइलच्या बातम्या कशा वाचाव्यात

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मेन रोडवर मोबाइलच्या दुकानात शिरलात की काउंटरवरचा पोरगा पहिला प्रश्न विचारतो, "बजेट किती पाव्हणं?" दुसरा प्रश्न सहसा नसतोच. रक्कम सांगितली की तीन खोकी समोर येतात आणि त्यातले एक जरा जास्तच पुढे सरकवलेले असते. "हे बघा, दोनशे मेगापिक्सेल हाय, सोळा जीबी रॅम हाय. आज घेतला तर बड्स फ्री." त्या पोराचा यात दोष नाही, त्याला महिन्याचे टार्गेट असते. प्रश्न आपला आहे, कारण पुढची चार वर्षे तो फोन आपल्याला वापरायचा असतो.

हा लेख त्या काउंटरवर जाण्याच्या आधीच्या आठवड्यासाठी आहे. फोनमधले फारसे कळत नाही, यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले आणि गोंधळ आणखी वाढला, अशांसाठी. सवय एकच लावून घ्यायची: कुठलाही आकडा दिसला की विचारायचे, हा मोजला कुणी? कंपनीने स्वतः सांगितला, तिऱ्हाइताने मोजला, की कुणीतरी कुठून तरी उचलून पुढे ढकलला? दोन फोन ताडून बघताना हा प्रश्न लागतो आणि मोबाइलची बातमी वाचतानाही हाच लागतो.

आधी वहीचे पहिले पान

वही खरोखरची घ्या, किंवा फोनमधली नोंदवही चालेल. पहिल्या पानावर फोनचे नाव लिहायचे नाही. फोनकडून काय काम हवे आहे ते लिहायचे, तेही तीन ओळींत. चौथी ओळ लिहिलीत तर पहिल्या तिघींपैकी एक खोडायची.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीनवर उभ्या असणाऱ्या माणसाच्या खिशात तेल आणि लोखंडाचा बारीक कीस जातो. त्याची पहिली ओळ "धूळ-पाण्याला टिकणारा" अशी असेल. गगनबावडा, राधानगरी, आजरा या पट्ट्यात रोज जाणाऱ्याची पहिली ओळ रेंजची. विद्यापीठात शिकणारी मुलगी दिवसभर पीडीएफ वाचत असेल तर पडदा आणि बॅटरी. आईसाठी फोन घ्यायचा असेल, आणि ती व्हॉट्सअॅप, यूट्यूब, देवीची आरती यापलीकडे जाणार नसेल, तर मोठा आवाज, मोठी अक्षरे आणि जाहिरातींच्या नोटिफिकेशनचा त्रास नसलेला फोन. हे कुठल्याही तक्त्यात छापलेले नसते, म्हणून आपणच लिहायचे.

"गेमिंगला पण चालावा" ही ओळ जवळजवळ सगळेच लिहितात आणि नंतर गेम खेळत नाहीत. खरोखर खेळत असाल तरच ठेवा, कारण त्या एका ओळीपायी बजेट हजारोंनी चढते.

जुन्या जोडीवर हात बसवा

नव्या फोनची तुलना करण्याआधी दोन जुने फोन घ्या. त्यांचे सगळे आकडे मोजून झालेले असतात, तक्रारी बाहेर आलेल्या असतात आणि किंमत काय होऊन काय झाली तेही दिसते. माझी आवडती जोडी २०२४ सालची: जानेवारीत भारतात आलेला रेडमी नोट १३ प्रो ५जी आणि मार्चमध्ये आलेला सॅमसंग गॅलक्सी ए३५ ५जी. आज हे घ्या असे मी म्हणत नाही, सरावासाठी म्हणतोय.

वहीच्या पानाचे मधोमध दोन भाग करा. डावीकडे रेडमी: २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, ६७ वॉटचे चार्जिंग, खोक्यात चार्जर, ५१०० एमएएच बॅटरी, वजन १८७ ग्रॅम, हेडफोनचे गोल भोक आहे, मेमरी कार्ड नाही. उजवीकडे सॅमसंग: ५० मेगापिक्सेल, २५ वॉट, खोक्यात चार्जर नाही, ५००० एमएएच, वजन २०९ ग्रॅम, गोल भोक नाही, मेमरी कार्डाची सोय आहे.

इथपर्यंत वाचले तर रेडमीने बाजी मारली असे वाटते. दुकानातली चर्चाही साधारण इथेच संपते.

आता खालच्या ओळी. धूळ-पाण्यापासून फोन किती सुरक्षित ते आयपीच्या आकड्यावरून कळते. रेडमीला आयपी५४, म्हणजे शिंतोडे चालतील. सॅमसंगला आयपी६७, म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास. रेडमी बाजारात आला तेव्हा अँड्रॉइड १४ येऊन तीन महिने झाले होते, तरी त्यात अँड्रॉइड १३ होते. त्याला तीन मोठी अपडेट कबूल केली होती, म्हणजे मजल १६ पर्यंत. सॅमसंग अँड्रॉइड १४ घेऊन आला आणि त्याला चार मोठी अपडेट कबूल होती, म्हणजे १८ पर्यंत. सुरक्षेचे अपडेट एकाला चार वर्षे, दुसऱ्याला पाच.

कॅमेऱ्याची गंमत तर पुढेच आहे. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर नेहमीचा फोटो काढताना शेजारचे सोळा पिक्सेल एकत्र करतो. २०० भागिले १६ बरोबर १२.५. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार पिक्सेल एकत्र करतो. ५० भागिले ४ बरोबर १२.५. गॅलरीत पडणारा फोटो दोन्हीकडे साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच. याचा अर्थ दोन्ही कॅमेरे सारखे असा नाही. सेन्सरचा आकार, लेन्स आणि फोटोवर होणारी प्रक्रिया यांचा फरक पडतोच. पण दुकानात ज्या आकड्यावर फोन विकला जातो त्या आकड्याने तो फरक कळत नाही.

आता वहीचे पहिले पान पुन्हा उघडा. एमआयडीसीतल्या माणसाने कुठला घ्यायचा हे त्याच्या तीन ओळीच सांगतील. वजनदार फोन खिशात नको, तारेचे हेडफोन वापरतो आणि दोन वर्षांत बदलणार आहे, अशा माणसाला रेडमी जास्त शोभेल. दोघांचेही बरोबर.

तक्त्यातल्या कुठल्या ओळींवर थांबायचे

तक्त्याचा उपयोग चाळणीपुरता. दहा फोनांचे तीन करायचे आणि तिघांत निवड करताना तक्ता बाजूला ठेवायचा.

सगळ्यात जास्त फसगत प्रोसेसरच्या, म्हणजे फोनच्या मेंदूच्या, नावात होते. स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन २ हा मार्च २०२३ मध्ये आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ आला. नाव जवळजवळ तेच आणि तारीख नंतरची, म्हणून नंतरचा भारी असेल असे वाटते. प्रत्यक्षात आधीचा प्लसवाला कितीतरी ताकदवान आहे. मीडियाटेक या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीकडे डायमेन्सिटी आणि हेलिओ अशी दोन घराणी आहेत, त्यात हेलिओ म्हणजे ४जी. म्हणून "स्नॅपड्रॅगन हाय" एवढ्यावर मान डोलवायची नाही. पूर्ण नाव लिहून घ्यायचे, एस, प्लस, अल्ट्रा या शेपटांसकट, आणि घरी येऊन त्या पूर्ण नावाने शोधायचे.

एकाच नावाचे दोन फोन असणे हाही नेहमीचा घोळ. रेडमी नोट १३ प्रो या नावाचा ४जी फोनही बाहेरच्या देशांत विकला गेला, त्यात हेलिओ जी९९ अल्ट्रा होता. आपल्याकडच्या ५जी फोनात स्नॅपड्रॅगन ७एस जेन २. नाव एक आणि आतला जीव वेगळा. बॅटरीचेही तसेच: नथिंग फोन ३ मध्ये भारतात ५५०० एमएएच आहे, बाहेर ५१५०. परदेशी परीक्षण वाचताना तो फोन कुठल्या देशातला, हे आधी बघा. याउलट वेगळ्या नावाचे दोन फोन आतून सख्खे भाऊ निघतात. पोको एक्स६ ५जी आणि रेडमी नोट १३ प्रो ५जी एकाच महिन्यात आले, प्रोसेसर एकच, ठळक फरक मुख्य कॅमेऱ्याचा. असे भाऊ सापडले की स्वस्तातला बघायचा.

रॅमबद्दल एकच सांगतो. "सोळा जीबी" असे कुणी म्हणाले तर विचारा, "आठ अधिक आठ का?" ते दुसरे आठ जीबी म्हणजे स्टोरेजमधून उसने घेतलेली जागा. ती खऱ्या रॅमएवढी वेगवान नसते. उरलेल्या संभाषणात पोरगा तुमच्याशी जरा जपून बोलतो, हा वरचा फायदा.

स्टोरेजचा प्रकार मात्र जरूर बघा, कारण तो कुणीच सांगत नाही. स्वस्त फोनांत ईएमएमसी ५.१ हा हळू प्रकार असतो, त्याहून वेगवान यूएफएस २.२, मग ३.१, मग ४.०. दीड-दोन वर्षांनी फोन "अडकायला" लागतो तेव्हा बऱ्याचदा अपुरी रॅम आणि हळू, भरत आलेले स्टोरेज कारणीभूत असते. चार वर्षे वापरायचा असेल तर ईएमएमसीवाला फोन मी तरी घेणार नाही.

पडद्यासाठी तक्ता बंद करा आणि रस्त्यावर या. कंपन्या पडद्याच्या उजेडाचे १८००, ३०००, ४५०० निट्स असे आकडे छापतात. ते शिखरावरचे आकडे असतात, पडद्याच्या छोट्याशा तुकड्यावर काही क्षण मिळणारे. दुकानदाराला सांगा, "जरा बाहेर उन्हात बघतो." दुपारी बारा-एकला, ब्राइटनेस ऑटोवर ठेवून व्हॉट्सअॅपचा मजकूर वाचा आणि पांढरे पान उघडा. दोन फोन शेजारी धरले की फरक लगेच डोळ्यात भरतो. दुकानदार बाहेर येऊ देत नसेल तर दुसरे दुकान चार पावलांवर आहे.

बॅटरी मोठी असली की फोन जास्त चालतो, हे सर्वसाधारणपणे खरे. पण प्रोसेसर आणि पडदा किती खातो त्यावर गणित बदलते. आता सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांमुळे सहा-सात हजार एमएएच पातळ फोनातही मावू लागले आहेत. चार्जिंगच्या वॉटांबाबत लक्षात ठेवायचे ते एवढेच: कमाल वेग बहुतेकदा त्या कंपनीच्याच चार्जर-केबलवर मिळतो. घरातला दुसऱ्या कंपनीचा मोठा चार्जर लावला तर चार्ज होईल, पण त्या वेगाने होईलच असे नाही. खोक्यात चार्जर नसेल तर त्याची किंमत फोनच्या किमतीत मिळवून मगच ताडा.

मागे चार कॅमेरे दिसले आणि त्यातला एखादा दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो किंवा डेप्थ असला, तर तो मोजू नका. ओआयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी लेन्सची सोय, आहे का, तेवढे बघा. हात हलला तरी रात्रीचा फोटो त्याने सावरतो.

आयपीच्या दोन अंकांतला पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जाणाऱ्यांनी पहिला अंक ६ असलेला फोन घ्यावा. गुलाल चार्जिंगच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीत जाऊन बसतो तो फुंकर मारून निघत नाही. दुसऱ्या अंकावर मात्र फार विसंबू नका. आयपी६८ छापलेले असले तरी पाण्याने बिघडलेला फोन सहसा वॉरंटीत बसत नाही. वॉरंटीच्या कागदावरची ती ओळ शोधून वाचा. पावसाळ्यात रंकाळ्यावर रील करताना ती आठवली तर बरे.

रेंज: इथे घाई नको

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. जाहिरातीत "अकरा ५जी बँड, तेरा बँड" अशी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांची मोजदाद असते, ती सोडून द्या. आपल्याकडे कामाचे नाव मुख्यतः एन७८. हा ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, वेग चांगला पण पल्ला मर्यादित. जिओकडे त्याशिवाय ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ आहे. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतीतून आतही बरी शिरते. डोंगरकपारीत राहणाऱ्या जिओवाल्याने फोनच्या तक्त्यात एन२८ आणि एसए (स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारे ५जी) ही दोन्ही नावे आहेत याची खात्री करावी. भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांत बहुधा असतात. दुबईहून भावोजींनी आणलेल्या फोनात असतीलच असे नाही.

शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत आतल्या खोलीत रेंज मरते, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. तिथे वाय-फाय कॉलिंग कामाला येते. घरी ब्रॉडबँड असेल तर तुमचे सिम आणि तो फोन मिळून ही सोय देतात का, ते विचारा. आणि फोन कितीही भारी असला तरी शेतातल्या मोटारीजवळ ज्या कंपनीचा टॉवर नाही तिची रेंज तो आणू शकत नाही. आधी सिम ठरवा.

मोजलेले आकडे कुठे मिळतात

कंपनीची वेबसाइट हा पहिला थांबा, पण तो फक्त दाव्यांचा. तिथली तळटीप वाचायची, छोट्या करड्या अक्षरांतली. "प्रयोगशाळेतील परिस्थितीत", "ठरावीक मॉडेलवर" असे जे काही असते ते तिथेच असते.

दुसरा थांबा जीएसएमअरीना. २००० सालापासून चालू असलेली ही साइट फोन शेजारी-शेजारी ठेवून दाखवते. नवखे लोक तिचा तक्ता बघून परत येतात. खरा माल तिच्या परीक्षणात आहे, कारण बॅटरी, ब्राइटनेस, चार्जिंगचा वेळ तिथे स्वतः मोजलेला असतो. कंपनीचा निट्सचा आकडा आणि त्यांनी मोजलेला आकडा वहीत शेजारी लिहा. पहिल्यांदा हसू येईल. रात्री अंधारात वाचून डोळे दुखत असतील तर नोटबुकचेक या साइटवर पडद्याचे लुकलुकणे मोजलेले असते, तेही बघा.

बेंचमार्कच्या, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या अॅपच्या, आकड्यांवर भाळू नका. अशाच एका अॅपच्या, गीकबेंचच्या, लोकांनी जुलै २०२१ मध्ये वनप्लस ९ मालिका आणि मार्च २०२२ मध्ये सॅमसंगचे एस२२ आणि त्याआधीचे काही वरचे फोन यादीतून काढले होते. त्या फोनांत नेहमीच्या अॅपला वेगळा वेग आणि बेंचमार्कला वेगळा, असे दिसून आले होते. म्हणून एका दमातल्या आकड्यापेक्षा सलग वीस मिनिटे ताण देऊन वेग किती टक्के टिकला, ती चाचणी उपयोगाची. थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट म्हणतात ती हीच. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापला की तोच टक्का अनुभवाला येतो.

आणखी एक जागा इथे फारशी कुणाला ठाऊक नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे नव्याने विकायला येणाऱ्या स्मार्टफोनवर ऊर्जा-लेबल सक्तीचे केले. फ्रिजवर तारे असतात तसे, पण त्यात बॅटरी एका चार्जवर किती तास चालते, किती चार्जिंगनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, पडल्यावर टिकण्याची श्रेणी, दुरुस्तीची श्रेणी आणि आयपी, सगळे एका चौकटीत. ही लेबले एप्रेल नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये कुणालाही फुकट बघता येतात. चाचणीची पद्धत सगळ्या कंपन्यांना एकच आहे, त्यामुळे तुलनेला सोने. युरोपातले मॉडेल आपल्याकडच्याहून वेगळे असू शकते, तेवढे मॉडेल नंबरवरून पडताळून घ्या.

अपडेटचा हिशोब दर वेळी स्वतः मांडा. गूगलचा पिक्सेल ८ (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगचा गॅलक्सी एस२४ (जानेवारी २०२४) यांना सात वर्षांची कबुली मिळाली. स्वस्तातल्या गॅलक्सी ए१६ ५जी लाही सहा मोठी अपडेट कबूल झाली. ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दिवाळीत सेलमध्ये दीड वर्षाचा जुना फोन स्वस्त मिळाला तर ते दीड वर्ष वजा करायला विसरू नका. दुकानातल्या डेमो फोनवर सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" उघडा आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा, पण डेमो फोन कुणी अपडेट करत नसेल तर तारीख जुनी दिसेल. त्यापेक्षा ओळखीतल्या कुणाकडे तोच फोन असेल तर त्याचा बघा.

बातमी कुठल्या इयत्तेची आहे

आता मोबाइलच्या बातम्यांकडे. रोज शंभर येतात, त्यातल्या आपल्या कामाच्या महिन्याला दोन-चार. प्रत्येक बातमीला एक इयत्ता द्यायची सवय लावा.

सगळ्यात खालची इयत्ता: "सूत्रांच्या माहितीनुसार". कुणीतरी एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) टाकले, त्यावरून चाळीस साइट्सनी उचलले. चाळीस ठिकाणी आले म्हणून ते चाळीसपट खरे होत नाही, मुळाशी एकच पोस्ट असते. मूळ पोस्टपर्यंत जा. जाता आले नाही तर बातमी सोडून द्या.

त्याच्या वर सरकारी नोंदी. भारतात विकायचा फोन भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदवावा लागतो, अमेरिकेत एफसीसी या सरकारी संस्थेकडे. त्या यादीत मॉडेल नंबर दिसला की "लवकरच भारतात" अशी बातमी होते. ती बऱ्यापैकी भरवशाची, पण त्यातून इतकेच कळते की फोन येतोय. कॅमेरा, किंमत, तारीख त्या नोंदीत नसते. बातमीत ती असेल तर ती दुसरीकडून चिकटवलेली आहे. गीकबेंचच्या यादीत नंबर दिसला तर प्रोसेसर, रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती एवढाच अंदाज येतो.

मग कंपनीचा टीझर. खरा असतो, पण हवे तेवढेच दाखवतो. मग लाँच, आणि लाँचच्या दिवशी एकाच मिनिटाला दहा चॅनेलांवर परीक्षणे. हा योगायोग नसतो. कंपनी आधीच फोन देते आणि ठरलेल्या वेळेआधी प्रसिद्ध करायचे नाही अशी अट असते. काही दिवस वापरून केलेले परीक्षण फोनचा चेहरा सांगते, स्वभाव नाही. सहा महिन्यांनी तोच माणूस त्याच फोनबद्दल काय म्हणतो ते शोधा. यूट्यूबवर कोपऱ्यात पेड प्रमोशनची पाटी आहे का बघा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच इन्फ्लुएन्सरांना पैसे घेतले असतील तर तसे सांगायचे नियम घालून दिले आहेत. व्हिडिओखालच्या खरेदीच्या लिंकवरूनही सांगणाऱ्याला कमिशन मिळू शकते. त्यात गैर काही नाही, फक्त आपल्याला माहीत असावे.

"अमुक कंपनी भारतात नंबर एक" ही बातमी दर तिमाहीला येते. आयडीसी, काउंटरपॉइंट अशा संस्था आकडे देतात आणि ते बहुतांशी शिपमेंटचे असतात: कंपनीने पुढे विक्रेत्यांकडे पाठवलेला माल. तो ग्राहकाच्या हातात गेलाच असे नाही. कुठली संस्था आयक्यू (iQOO) या विवोच्या ब्रँडला विवोत धरते, कुठली वेगळे ठेवते, त्यामुळे नंबरही हलतात. ओप्पो, विवो, वनप्लस, रिअलमी, आयक्यू या सगळ्यांची मुळे चीनच्या बीबीके इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत जातात, हे ठाऊक असले की त्यांच्यातल्या "लढती" जरा शांतपणे वाचता येतात.

किमतीवर खरा परिणाम करणाऱ्या बातम्या कंटाळवाण्या असतात, म्हणून त्या निसटतात. १ एप्रिल २०२० ला मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक वस्तूंचे दर खाली आले, पण मोबाइल १८ वरच राहिला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मोबाइलवरचे सीमाशुल्क २० वरून १५ टक्के झाले तेव्हा "मोबाइल स्वस्त" असे मथळे आले. पण इथे विकले जाणारे बहुतेक फोन इथेच जुळवले जातात, त्यामुळे दहा-पंधरा हजारांच्या फोनात फारसा फरक दिसला नाही. उलट २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी चिपचे भाव चढू लागले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांची मागणी वाढली आणि कारखाने तिकडे वळले. जगात डीरॅम, म्हणजे रॅमची चिप, बनवणारे मोठे तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यामुळे झळ सगळ्यांनाच लागते, स्वस्त फोनांना जास्त, कारण त्यांच्या खर्चात मेमरीचा वाटा मोठा. "थांबलो तर स्वस्त होईल" हा जुना हिशोब अशा काळात चालत नाही.

बातम्यांसाठी दिवसाला पाच मिनिटे पुरतात. दोन इंग्रजी साइट्स, एक मराठी वृत्तपत्राचे तंत्रज्ञानाचे पान, आणि वहीत असलेल्या दोन-तीन फोनांच्या नावाने गूगल अलर्ट. नोटिफिकेशन बंद ठेवा. वर्षाचे वेळापत्रक ढोबळ असे: जानेवारी-फेब्रुवारीत सॅमसंगची एस मालिका, फेब्रुवारी-मार्चमध्ये बार्सिलोनाचे मोठे प्रदर्शन, मेमध्ये गूगलचा कार्यक्रम, जुलैत घडीचे फोन, ऑगस्टमध्ये पिक्सेल, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवे वरचे प्रोसेसर. नवे मॉडेल आले की त्याच्या आधीच्याचा भाव बघायचा, खरेदीची चांगली संधी बहुतेकदा तिथे असते.

काउंटरवर

वहीत दोन नावे उरली की दुकानात जा. ऑनलाइनचा भाव दाखवून विचारा. "जुळवून देतो की" असे उत्तर बऱ्याचदा मिळते, विशेषतः महिनाअखेरीस. ऑनलाइन किंमत ठरावीक बँकेच्या कार्डाची सूट धरून लिहिलेली असते, ते कार्ड तुमच्याकडे नसेल तर ती किंमत तुमच्यासाठी नाही. "झिरो डाउन पेमेंट, नो कॉस्ट ईएमआय" असेल तर प्रोसेसिंग फी किती, विमा किंवा कव्हर परस्पर जोडले आहे का आणि एकूण किती रुपये जाणार, हे कागदावर लिहून मागा. फोनमध्ये हप्ता चुकल्यास लॉक करणारे अॅप टाकणार का, तेही विचारा.

आणि सर्व्हिस सेंटर. हा प्रश्न दुकानात जाण्याआधीच सोडवायचा: त्या कंपनीचे अधिकृत सेंटर कोल्हापुरात आहे का, की फोन पुण्याला जातो? कंपनीच्या साइटवरचा पत्ता बघून एकदा प्रत्यक्ष तिथे जा आणि पाळीत बसलेल्या दोघांना विचारा, "किती दिवस झाले?" कुठल्याही परीक्षणात न मिळणारी माहिती त्या बाकड्यावर मिळते. पडद्याची किंमतही तिथेच विचारून घ्या. पंधरा हजारांच्या फोनचा पडदा पाच हजारांना असेल तर निवड बदलू शकते.

खोके तुमच्यासमोर उघडायला लावा. *#०६# दाबले की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवा. मग के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून पंधरा अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हे तपासता येते. सेकंडहँड फोन घेणाऱ्याने तर पैसे देण्याआधीच तपासावे, चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन असेल तर तिथेच कळते. जीएसटीचे पक्के बिल घ्या. "बिल नको म्हणालात तर पाचशे कमी" हे ऐकू आले तर फोन काउंटरवर ठेवा आणि निघा. वॉरंटी आणि तक्रार दोन्हींना बिल लागते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

पहिले काही दिवस फोनला दामटून वापरा. दोन्ही सिमवरून बोलून बघा, स्पीकर पूर्ण आवाजात, रात्रीचा फोटो, जीपीएस लावून रंकाळ्याला एक फेरी, आणि पूर्ण काळ्या चित्रावर पडद्याचा एखादा ठिपका पेटलेला राहतोय का ते. बदलून मिळण्याची मुदत छोटी असते, ऑनलाइन घेतला तर बहुधा आठवडाभर, आणि दुकानात ती आधी विचारून बिलावर लिहून घ्यावी लागते.

जुना फोन घरातल्या कुणाला द्यायचा किंवा विकायचा असेल तर आधी व्हॉट्सअॅपचा बॅकअप, मग बँकेची आणि यूपीआयची अॅप बंद करणे, मग सेटिंग्जमधून गूगल खाते काढणे, आणि शेवटी सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट. पासवर्ड विसरला म्हणून बटणे दाबून बाहेरून रीसेट केला, तर पुढच्या माणसाने फोन चालू केल्यावर त्याला तुमचेच गूगल खाते विचारले जाते आणि रात्री साडेदहाला त्याचा फोन तुम्हाला येतो.